घोरणं थांबलं की मूत्राशयाचं दुखणं जातं?

नागपुरात आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मूत्राशयाचं जुनं दुखणं घोरण्यामुळेच होतं. सीपॅप मशीन लावा, गोळ्या बंद करा.' सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. मेसेजमधलं अर्धंच खरं आहे, आणि गोळ्यांचं तर मुळीच नाही.

खरं ते असं. जोरात घोरण्यामागे कधीकधी स्लीप अ‍ॅप्निया हा आजार असतो. त्यात झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडतो, दर वेळी किमान 10 सेकंद. बंद वाटेने हवा ओढताना छातीतला दाब घटतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि एक हार्मोन सुटतं. ते मूत्रपिंडांना जास्त लघवी करायला लावतं. म्हणून रात्री तीन-चारदा उठावं लागतं; सीपॅपने हे बऱ्याच जणींचं कमी होतं.

पण वारंवार लघवी वेगळी, दुखणं वेगळं. मूत्राशय भरताना दुखतं, रिकामं झाल्यावर बरं वाटतं, जंतुसंसर्ग नसताना हे सहा आठवड्यांहून जास्त टिकतं, तर तो वेगळा आजार. दोन्ही एकीत असू शकतात, तुटक झोपेने वेदना जास्त जाणवते. पण एकाने दुसरा झाला, असं त्यावरून ठरत नाही.

काहींना आंबट-तिखटानेही दुखणं वाढतं. म्हणजे आपली संत्री आणि सावजी रस्सा दोन्ही आले, काय करता! उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होऊन आग वाढते, तेही बघा.

घोरणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसभर थकवा असेल तर डॉक्टरांना झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. लघवीत रक्त दिसलं तर मात्र थांबू नका. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.