प्रवासबंदी किती दिवसांची?

साथ आली की वाद एकाच गोष्टीवर होतो: प्रवासबंदी घालावी की नको. खरं विचारायला हवं ते हे की बंदी किती दिवस टिकणार, आणि उठेल तेव्हा शहरात साथ चढत असेल की उतरत.

साधा हिशोब मांडू. शहरात 10 हजारांत एक बाधित आहे आणि 1 लाख मजूर गावी निघालेत. त्याच दिवशी जाऊ दिलं तर साधारण 10 बाधित बाहेर पडतील. त्यांना अडवलं तर ते राहणार कुठे? एका खोलीत आठ जण, सामायिक नळ, सामायिक संडास. समजा बाधित दर 7 दिवसांनी दुप्पट होत गेले. 5 आठवड्यांनी तेच 1 लाख लोक निघतील तेव्हा त्यांच्यात 320 बाधित असतील. दहा जणांचे संपर्क तालुक्याची यंत्रणा शोधू शकते. तीनशेवीस जणांचे नाही.

भारतात 2020 साली टाळेबंदी 25 मार्चला लागली आणि श्रमिक रेल्वे 1 मेला सुटल्या. मधले 37 दिवस असंख्य मजूर मुंबईसारख्या शहरांतच अडकले होते, आणि तिथे साथ चढत होती. (जे चालत निघाले, ते निघालेच.) वर गाडीसाठी अर्ज आणि वैद्यकीय दाखला हवा, म्हणून दवाखान्यांपुढे रांगा. म्हणजे जायची परवानगी घेतानाही गर्दीच.

आठवड्या-दोन आठवड्यांच्या बंदीने फारसं बिघडत नाही. साथ ओसरेपर्यंत टिकणारी बंदीही गावं वाचवू शकते, पण रोजंदारीवरच्या माणसाला तोवर पोसणार कोण? लायबेरियात ऑगस्ट 2014 मध्ये इबोलामुळे मन्रोव्हियाची वेस्ट पॉइंट वस्ती बंद केली, आणि दंगल, उपासमारीनंतर दहाएक दिवसांतच ती उघडावी लागली. गरीब देशांत बंदी बहुधा अशी मध्येच सुटते, आणि माझ्या मते सर्वांत घातक तीच.

सोडायचंच असेल तर लवकर आणि टप्प्याटप्प्याने सोडा. प्रवाशांची यादी आदल्या रात्रीच तालुक्याला मिळायला हवी. कोविडसारख्या आजारात स्टेशनवरच्या तापमापक बंदुकीवर भिस्त ठेवू नका. ताप नसलेला बाधित तिच्यातून सहज सुटतो. नुकतीच लागण झालेल्याची चाचणीही निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून ती पोहोचल्यावर पाचव्या ते सातव्या दिवशी करा. विलगीकरणासाठी शाळा घेतलीत तर आधी संडास मोजा. आणि तिथे जेवण, बुडालेली मजुरी दिली नाही, तर लोक शिवारातून रात्रीच घरी जातील आणि विलगीकरणाच्या यादीत त्यांची नावं कधीच येणार नाहीत.