ऐनवेळचे विषय आणि थंड होणारे जेवण

आज सकाळी आमच्या अभियंता संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा पणजीत झाली. घरी येऊन तीन तास झाले तरी डोके शांत होत नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखायचे ते ओळखतील, आणि नाव बदलले तरी सभा अशीच झाली असती, याची मला खात्री आहे.

सभा दहाची होती. नेहमीप्रमाणे गणपूर्ती झाली नाही, म्हणून ती तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, तितक्याच माणसांनिशी पुन्हा सुरू झाली. मागील सभेचे इतिवृत्त वाचल्याचे गृहीत धरून कायम झाले, ताळेबंद मंजूर झाला, लेखापरीक्षक तेच राहिले. मग वर्षभराच्या प्रगतीचा अहवाल आला. 15 सप्टेंबरचा अभियंता दिन, विश्वेश्वरय्यांच्या प्रतिमेला हार, निवृत्तांचे सत्कार, एका सिमेंट कंपनीच्या सौजन्याने झालेले व्याख्यान, एक अभ्यास सहल, वाढलेले सभासद. प्रत्येक वाक्यात एक आकडा होता आणि प्रत्येक आकड्याला टाळ्या होत्या. ज्यांना हार घातला, त्यांनी 1903 मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे का बसवले, हे त्या दिवशीच्या एकाही भाषणात आले नव्हते, हे मला आठवते, कारण मी तेव्हाही तिथेच बसलो होतो.

शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय आले. मागच्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. पदवी घेऊन दोन-तीन वर्षे झाली असावीत. तिने विचारले, की आपल्या तालुक्यातालुक्यांत जे जुने साकव, म्हणजे ओढ्यानाल्यांवरचे छोटे पूल, आणि पादचारी पूल आहेत, त्यांची सभासदांनी मिळून पाहणी करावी आणि संस्थेने ती नोंद जपून ठेवावी, असे करता येईल का. तिने मे 2017 ची आठवण करून दिली. सावर्डेच्या नदीवरचा पोर्तुगीज काळातील पादचारी पूल वापरासाठी बंद होता, तरी नदीत उडी घेतलेल्या एका माणसाचा शोध पाहायला लोक त्यावर गर्दी करून उभे राहिले आणि पूल त्यांच्यासह खाली गेला. तिचे बोलणे दोन मिनिटांचेही नसेल. व्यासपीठावरून हसून उत्तर आले, की विषय उत्तम आहे, समितीकडे पाठवू, पण आता जेवणातले खतखते थंड होईल. सभागृह हसले. मुलगी खाली बसली. आभारप्रदर्शन मात्र अकरा मिनिटे चालले, ते मी घड्याळ लावून मोजले.

ती खाली बसली तेव्हा मला माझे वडील आठवले. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा मी फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकत होतो आणि तिथल्या वसतिगृहात राहत होतो. वडील पर्वरीहून रोज पणजीला कचेरीत जात. पूल गेल्यावर ते बेतीच्या धक्क्यावरून फेरीबोटीने जाऊ लागले, भर पावसात, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात डबा. मी सुट्टीत घरी आलो तेव्हा त्यांनी ओली छत्री व्हरांड्यात उघडी ठेवत मला एवढेच विचारले, “पूल कित्याक पडलो रे?” पूल का पडला? मी म्हणालो, चौकशी चालू आहे. त्यांनी पुन्हा विचारले नाही. मुलगा इंजिनिअर होणार म्हणून गावभर सांगणाऱ्या माणसाला मुलाने दिलेले ते उत्तर होते.

1970 मध्ये वाहतुकीला खुला झालेला पूल सोळा वर्षांत जातो, याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले, आणि तेही कोणत्याही सभेत नव्हे, तर चहाच्या टेबलावर एका निवृत्त वरिष्ठांकडून. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. खाडीची खारी हवा, आपला पाऊस आणि आत नजर न पोहोचणारी तार. बाहेरून काँक्रीट ठणठणीत दिसते आणि आत दोरी एकेका धाग्याने तुटत असते. समुद्राकाठच्या बांधकामात सळईवर किमान 45 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे, असे आपले मानक सांगते, पण साइटवर कव्हर ब्लॉक, म्हणजे ते अंतर राखायला सळईला लावलेला छोटा ठोकळा, सरकलेला असला, तर तो पुन्हा जागेवर बसवायला कोण वाकतो, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. अशी गोष्ट सांगायची जागा सभेशिवाय दुसरी कोणती? आम्ही तिथे ऊसतोडीचा हिशेब द्यावा तसे कार्यक्रम मोजतो.

हे मान्य करतो, की संस्थेला कायद्याने काडीचा अधिकार नाही. वकिलांसाठी 1961 चा आणि वास्तुविशारदांसाठी 1972 चा केंद्रीय कायदा आहे, अभियंत्यांसाठी तसा नाही. आपली संस्था कुणाचा परवाना रोखू शकत नाही की कुणाला साइटवर जाऊन थांबवू शकत नाही. ठीक आहे. पण साकवाखाली उतरून तडा पाहायला, तो मोजायला आणि वहीत लिहायला कोणता अधिकार लागतो? जानेवारी 2014 मध्ये काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून मजूर गेले. त्यावर आमच्या सभागृहात तासभर बोलणे झाल्याचे मला तरी आठवत नाही. न्यायालयाचे काम न्यायालय करील. दोष कुणाचा, हे आम्ही ठरवायचे नाही. पण खांब कसा हरला, हे आम्ही नाही सांगायचे तर कुणी सांगायचे?

आता थोडे शांत होऊन लिहितो. सचिवांवर माझा राग नाही. तो माणूस नोकरी सांभाळून, स्वतःच्या स्कूटरमध्ये पेट्रोल घालून पत्रिका वाटतो, सभागृहाचे भाडे कमी करून घेतो आणि मणगणे सगळ्यांना पुरले ना ते पाहून शेवटी जेवतो. तो नसता तर सभाच झाली नसती. त्याने अहवालात जे लिहिले तेच आम्ही त्याच्याकडून मागत आलो आहोत. राग असलाच तर तो माझ्यावर जास्त आहे. मी चौतीस वर्षांचा सभासद. मला उभे राहून एवढेच म्हणता आले असते, की अध्यक्षमहाराज, जेवण थंड होऊ द्या. मी म्हणालो नाही. मी ताट घेऊन रांगेत उभा राहिलो, आणि सोलकढी चांगली झाली आहे असेही कुणाला तरी म्हणालो.

वडील शेवटच्या वर्षांत माझ्या गाडीतून नव्या पुलावरून जाताना दर वेळी उजवीकडे वळून बेतीचा धक्का पाहत. एकदा त्यांनी विचारले, याच्याकडे आता कोण बघतो? मी खात्याचे नाव सांगितले. ते म्हणाले, खाते नव्हे, माणूस विचारला. त्या वेळीही मला उत्तर देता आले नाही, आणि 1986 चे कारण मला तोवर ठाऊक झालेले असूनही ते त्यांना समजावून सांगायचे राहून गेले. ती तार, तो गंज, खारी हवा हे त्या माणसाला पाच मिनिटांत कळले असते.

पुढच्या वार्षिक सभेसाठी मी ठराव लिहून काढला आहे. प्रत्येक वर्षाच्या अहवालात निदान एका अपयशाची, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या, सविस्तर चर्चा असावी आणि साकवांच्या पाहणीची वही संस्थेने सुरू करावी, असे त्यात म्हटले आहे. नियमाप्रमाणे आगाऊ लेखी सूचना द्यावी लागते, ती मी उद्याच देणार, म्हणजे विषय ऐनवेळचा ठरणार नाही. सूचक म्हणून माझी सही झाली आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे. ती मुलगी कुणाच्या ओळखीची असेल, तर तिला हे दाखवा.