हरकती मागवतात, ऐकत नाहीत

आज पेपरात टेंडर नोटिसांच्या गर्दीत एक जाहीर प्रकटन आलंय. किती जणांनी वाचलं? अक्षर इतकं बारीक की मला मोबाईलवर फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं. नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली आरक्षणात, म्हणजे कुठली जागा कशासाठी राखायची त्यात, फेरबदल. खेळाच्या मैदानाची काही जागा वाहनतळाला. हरकती-सूचना एक महिन्याच्या आत, लेखी. मैदानाचं नाव कुठेही नाही, नुसता सर्व्हे नंबर. तो नंबर मला पाठ आहे म्हणून कळलं की हे शाळेमागचं आपलंच मैदान.

पाठ आहे तो आप्पांमुळे, माझ्या सासऱ्यांमुळे. याच जागेवर मागेही एकदा डोळा गेला होता. तेव्हा आप्पा सुनावणीला गेले होते आणि मी त्यांच्याबरोबर होते. पोस्टात उभी हयात गेलेला माणूस, कागद कसा करायचा ते त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. त्यांनी फुलस्केपवर पट्टी लावून मैदानाचा नकाशा काढला होता. सकाळी कुठल्या बाजूनं बायका चालतात, दुपारी रिक्षावाले कुठल्या लिंबाखाली डबा खातात, चारनंतर कुठली पोरं कुठे खेळतात, पावसाचं पाणी कुठे साचतं, सगळं लाल-निळ्या शाईत. बाहेरच्या बाकावर आम्ही जेवणाची वेळ टळेपर्यंत बसलो. आत गेल्यावर साहेबांनी मान वर न करता विचारलं, "लेखी दिलंय ना? मग झालं. पुढचे कोण?"

नकाशा पिशवीतून बाहेरही निघाला नाही.

माझा सगळा राग इथे आहे. मैदान, वाहनतळ, रस्ता यावर वाद होऊ शकतो, व्हायलाच हवा. पण माणसांना बोलावून घ्यायचं, बसवून ठेवायचं आणि ऐकायचंच नाही, हा अपमान आहे. फाइलवर "सुनावणी घेण्यात आली" असा शेरा पडला की कायदा पाळला गेला. आप्पा काय सांगायला आले होते, ते त्या फाइलला आजही माहीत नाही.

पुण्याचं आठवा. 2013 साली जुन्या हद्दीचा विकास आराखडा जाहीर झाला तेव्हा 87 हजारांवर हरकती आल्या होत्या. लोकांनी वेळ काढून, झेरॉक्स काढून, रांगा लावून दिल्या. 2015 मध्ये राज्य सरकारनं तो आराखडा महापालिकेच्या हातातून काढून घेतला आणि मंजुरी मिळता मिळता 2017 उजाडलं. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या हातात शेवटी काय राहिलं?

बरं, सभागृह तरी कुठे होतं इतकी वर्षं? 2022 पासून मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर सगळीकडे नगरसेवकांऐवजी सरकारनं नेमलेले प्रशासक. बजेट त्यांचं, रस्ते त्यांचे, झाडं तोडायचा निर्णयही त्यांचाच. जाब विचारायचा तर कुणाला? अखेर जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं आणि मला खरंच वाटलं होतं, आता कुणीतरी दार उघडेल. पण मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार-चार नगरसेवक. एकाला फोन केला तर तो म्हणतो हा भाग दुसऱ्याकडे आहे, दुसरा म्हणतो ताईंना विचारा. चौघं मिळून जबाबदार म्हणजे कुणीच जबाबदार नाही.

पार्किंगचा त्रास आहे, मान्य. संध्याकाळी आमच्या गल्लीत अँब्युलन्स शिरू शकत नाही, तेही मी पाहिलंय. आणि शेकडो हरकती आल्या तर एकेकाला तासभर देता येणार नाही, हेही समजतं. पण पाच मिनिटं? नकाशा टेबलावर उलगडण्यापुरती?

माझ्या माहेरी, हजार-बाराशे वस्तीच्या गावात, ग्रामसभा होते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. तिथेही राजकारण आहे, भांडणं आहेत, कोरमअभावी सभा तहकूब होतात. पण माझी काकू उभी राहून सरपंचाला तोंडावर विचारते, नळाचे पैसे कुठे गेले? आणि त्याला चारचौघांत उत्तर द्यावं लागतं. शहरात राहून, घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरून, मला तो हक्क नाही. क्षेत्रसभेचा कायदा आपल्या राज्यानं 2009 मध्येच केला आहे. मतदान केंद्राच्या परिसरातल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातली कामं सुचवायची, अशी ती कल्पना. माझ्या ओळखीतला एकही माणूस आजवर अशा सभेत बसलेला नाही. तुमच्यापैकी कुणी बसलं असेल तर सांगा, मला मनापासून आनंद होईल.

मघाशी आप्पांना ती नोटीस वाचून दाखवली. वाटलं होतं चिडतील. ते उठले, कपाटातून तीच प्लास्टिकची फाइल काढली. नकाशा आहे, शाई थोडी फिकी झालीय. म्हणाले, "पूर्वेकडची भिंत पडली त्यानंतर, ती दुरुस्त करून घ्यायला पाहिजे यात." आणि पट्टी शोधायला लागले. या वयात. ते पाहून माझा राग उतरला आणि घसा दाटून आला. कामाला माणूस असा लागतो, आणि अशाच माणसाला आपली व्यवस्था "पुढचे कोण" म्हणते.

तेव्हा आता कामाचं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एकाच मजकुरावर सह्या नकोत. तुम्ही स्वतः त्या मैदानाचा काय उपयोग करता, तुमची मुलं किती वाजता जातात, ते आपल्या शब्दांत लिहा. वाहनतळ हवा असेल तर तसंही लिहा, आणि पर्यायी जागा सुचवा. शेवटी "मला समक्ष म्हणणे मांडायचे आहे" हे वाक्य घाला. दोन प्रती न्या आणि आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. मी सोमवारी अकरा वाजता जातेय. ज्यांना रजा मिळत नाही त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत सही केलेला अर्ज आमच्या घरी आणून द्या, मी जमा करते आणि पोचही आणून देते.