‘वर्डमध्ये पत्ते येत नाहीत? ऑफिस उडवा!’ थांबा, उडवू नका

सप्टेंबर लागला की नाशिकच्या सोसायट्यांमधल्या सेक्रेटरी मंडळींची झोप उडते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० तारखेच्या आत, नोटीस त्याच्या १४ दिवस आधी, आणि निम्मे फ्लॅटमालक भाडेकरू ठेवून परगावी. म्हणजे पाकिटं, पत्त्यांची लेबलं आणि जीपीओची रांग आलीच. नेमका याच दिवसांत एक फॉरवर्ड फिरतो. यंदा मला तो चार ग्रुपांवरून आला, त्यातला एक तर माहेरच्या भिशीचा ग्रुप. मजकूर थोडक्यात असा:

‘वर्ड आणि आउटलुक एकाच ऑफिसचे भाग असल्याने पत्ते आपोआप येतात. येत नसतील तर ऑफिस करप्ट झाले आहे, काढून पुन्हा टाका. तरी जमले नाही तर आउटलुकची डेटा फाइल डिलीट करा, नवी आपोआप बनते. नाव टाइप केल्यावर पत्ता सुचतो आहे ना? मग पत्ते सुरक्षित आहेत. मराठी अक्षरे फुटली तर फॉन्ट टाका. यादी एक्सेलमधून घेऊ नका, एक्सेल पिनकोडचे पहिले शून्य खाते. एसक्यूएलची खिडकी आली तर लगेच ‘नो’ दाबा, ते हॅकिंग असते. सर्व ग्रुपवर पाठवा.’

अशोक स्तंभाजवळ माझं डीटीपी आणि लेबलं छापून देण्याचं छोटं दुकान आहे. हा फॉरवर्ड वाचून, त्यातलं सगळं करून, दमून आलेली माणसं माझ्या काउंटरवर येतात. म्हणून एकदा बसून उत्तर लिहिते आहे.

आधी ते ‘आपोआप’. पत्ते आपोआप येत नाहीत, कधीच येत नव्हते. लिहायचं वर्ड आणि मेलचं आउटलुक ही एका वाड्यातली दोन बिऱ्हाडं आहेत. वर्डमध्ये ‘मेलिंग्ज’, मग ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’, मग ‘चूज फ्रॉम आउटलुक कॉन्टॅक्ट्स’ असं गेलं की वर्ड शेजारच्या दारावर टकटक करतं आणि आउटलुकच्या प्रोफाइलमध्ये जे कॉन्टॅक्ट्सचं फोल्डर असेल तेवढंच त्याला दाखवलं जातं. फोनमधले, जीमेलमधले, व्हॉट्सअॅपमधले पत्ते त्या फोल्डरमध्ये नसतील तर वर्डला ते दिसायचं कारणच नाही.

सिडकोतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त काका, लॅपटॉप कापडी पिशवीत घालून आले होते. ‘‘ताई, दोनदा ऑफिस उडवून टाकलं. पत्ते काही येईनात.’’ मी वर्डमधून टकटक केली. फोल्डर एकच आलं, आत एकही माणूस नाही. मग आउटलुक उघडलं. डाव्या बाजूला ‘कॉन्टॅक्ट्स’ आणि त्याला चिकटून कंसात ‘धिस कम्प्युटर ओन्ली’. ते वाचलं आणि मला पुढचं सगळं कळलं.

‘‘काका, हे पत्ते तुम्ही भरले कुठे होते?’’

‘‘फोनमध्ये. पण जीमेल तेच आहे ना! इथे मेल तर सगळे येतात.’’

मेल येतात, बरोबर. जीमेलचं खातं क्लासिक, म्हणजे जुन्या तऱ्हेच्या, आउटलुकला जोडलं की ते आयमॅप पद्धतीने जोडलं जातं, आणि आयमॅपचं काम फक्त टपाल आणणं. पत्त्यांशी आणि कॅलेंडरशी त्याला काही कर्तव्य नाही. पोस्टमन पत्र आणून देतो, म्हणून तुमच्या गावच्या घरातली पत्त्यांची वहीही आणून देईल असं आपण धरत नाही. काकांच्या ऑफिसमध्ये बिघाड नव्हता. फोल्डर रिकामं होतं आणि वर्डने ते इमानेइतबारे रिकामं दाखवलं.

आता ‘काढून पुन्हा टाका’. यात अर्धा दिवस जातो, इंटरनेटचा डेटा जातो, आणि बहुतेक वेळा दोष जागच्या जागी राहतो. कारण आउटलुकचं प्रोफाइल, म्हणजे कोणतं खातं, कोणती डेटा फाइल, कोणतं अॅड्रेस बुक ही सगळी नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत असते, आणि ऑफिस काढलं तरी ती तिथेच राहते. नवं ऑफिस येऊन तेच जुनं प्रोफाइल उचलतं. कुलूप गंजलेलं, आणि आपण भाडेकरू बदलतोय.

त्यापेक्षा कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मेल’ उघडा, ‘शो प्रोफाइल्स’ दाबा. एकाहून जास्त प्रोफाइल दिसली तर वर्ड बहुधा चुकीच्या दारात उभं आहे. योग्य प्रोफाइल निवडून ‘ऑल्वेज यूज धिस प्रोफाइल’ करा. मग आउटलुकमध्ये कॉन्टॅक्ट्सच्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘आउटलुक अॅड्रेस बुक’ हा टॅब. तिथे हे फोल्डर अॅड्रेस बुक म्हणून दाखवा अशी एक टिकमार्कची चौकट असते. ती रिकामी असेल तर पाकीट छापताना अॅड्रेस बुकच्या चिन्हावर कितीही टिचक्या मारा, फोल्डर दिसणार नाही.

टिकमार्क असूनही काही माणसं गायब असतात, त्याचं कारण मला स्वतःला उशिरा कळलं. ज्यांच्या नोंदीत ईमेल किंवा फॅक्स नाही, त्यांना हे अॅड्रेस बुक दाखवतच नाही. नुसता घरचा पत्ता पुरत नाही. आणि गंमत बघा, ज्यांना ईमेल नाही त्याच आजी-आजोबांना तर आपण पाकीट पाठवत असतो! त्यांच्यासाठी मेल मर्जच्या, म्हणजे यादीतले पत्ते लेबलांवर भरून घेण्याच्या त्या ‘सिलेक्ट रेसिपियंट्स’वाल्या, रस्त्याने यायचं. तो रस्ता सरळ फोल्डर वाचतो, ईमेल आहे की नाही विचारत नाही. ‘सभासद’ नावाचा कॉन्टॅक्ट ग्रुप करून ठेवला असेल तर मात्र मेल मर्जमध्ये त्याचा उपयोग नाही, तिथे एकेक माणसाची नोंदच लागते.

आणखी एक तपासणी, अगदी सोपी. आउटलुक नवं आहे की क्लासिक? वर्डची ती टकटक क्लासिक आउटलुकच्या दारासाठी आहे. नवं आउटलुक आतून वेबसाइटसारखं चालतं, त्याला त्या जुन्या तऱ्हेचं प्रोफाइलच नाही. वरच्या कोपऱ्यातलं बटण सहज सरकवून ‘नवं करून पाहू’ म्हणणारे, आणि दुसऱ्या दिवशी ‘काल चालत होतं’ म्हणत येणारे, गेल्या वर्षभरात बरेच पाहिले.

डेटा फाइल डिलीट करण्याबद्दल मात्र थोडं कडक बोलते, कारण या एका वाक्याने लोकांचं खरं नुकसान होतं. नवी फाइल आपोआप बनते, हे खरं. पण रिकामी बनते. पॉप पद्धतीने, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेणारं, जोडलेलं खातं असेल तर मेल आणि पत्ते त्या पीएसटी फाइलमध्येच असतात. फाइल गेली की पत्ते गेले. आयमॅपवाल्यांच्या ओएसटी फाइलबद्दल लोक बिनधास्त सांगतात, ‘‘सर्व्हरवर कॉपी असते हो.’’ मेलची असते. पण काकांच्या आउटलुकमध्ये कंसात काय लिहिलं होतं आठवा. त्या फोल्डरात भरलेले पत्ते फक्त त्या संगणकावर, फक्त त्या फाइलमध्ये असतात. काकांचं नशीब की ते फोल्डर रिकामं होतं. फाइल हलवायचीच असेल तर आउटलुक बंद करून तिला दुसरं नाव द्या, बाजूला ठेवा, महिनाभर तिला हात लावू नका.

नाव टाइप केल्यावर पत्ता सुचतो म्हणजे पत्ते सुरक्षित, हे विधान ऐकायला पटतं म्हणून जास्त फसवतं. ती सुचवण्याची यादी म्हणजे तुम्ही पूर्वी कोणाला मेल केले याची आउटलुकने ठेवलेली आठवण. आउटलुक २०१० पासून तिची मर्यादा साधारण १,००० नावांची. त्यापुढे जुनी, फारशी न वापरलेली नावं गळतात. तिच्यात घराचा पत्ता नसतो, पिनकोड नसतो, आणि वर्डला ती दिसत नाही. एका पतसंस्थेच्या ताईंनी दिवाळीच्या शुभेच्छापत्रांसाठी या यादीवर भिस्त ठेवली होती. शेवटी रजिस्टरवरून हाताने पत्ते उतरवले.

फॉन्टचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि आम्हा डीटीपीवाल्यांचा हा घरचा विषय, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. मराठी ‘फुटते’ ती चार तऱ्हांनी, आणि चारही आजार वेगळे. नुसते चौकोन दिसले तर खरंच फॉन्ट नाही. पण विंडोजमध्ये देवनागरी फॉन्ट एक्सपीच्या काळापासून आहे, त्यामुळे हे आता क्वचित. नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर फाइल बनवतानाच अक्षरं मेलेली असतात. क्लासिक आउटलुकमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी, काढताना हे होतं, कारण ती फाइल जुन्या सांकेतिक पद्धतीने लिहिली जाते आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही. अशा फाइलवर जगातला कोणताही फॉन्ट लावा, प्रश्नचिन्ह प्रश्नचिन्हच राहणार. मूळ आउटलुकमध्ये परत जा आणि मेल मर्ज तिथूनच सुरू करा.

तिसरी तऱ्हा: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा, मध्ये मध्ये विचित्र चिन्हं. हे पाहून लोक घाबरतात, पण हा सगळ्यात बरा होणारा आजार. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीत, नीट आहे, फक्त एक्सेलने ती दुसऱ्याच पद्धतीने वाचली. गूगल कॉन्टॅक्ट्समधून काढलेल्या सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की पुष्कळदा असं दिसतं. डबल क्लिक करू नका. एक्सेल रिकामं उघडा, ‘डेटा’मध्ये जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१, युनिकोड निवडा. नावं जशीच्या तशी समोर येतात.

चौथी तऱ्हा खास आपली. यादी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. एक्सेलमध्ये छान मराठी दिसते, वर्डमध्ये आली की इंग्रजी अक्षरांचा कचरा. कारण मेल मर्ज अक्षरं आणतं, पण एक्सेलमधला फॉन्ट सोबत आणत नाही. लेबलवर जो फॉन्ट असेल तो लागतो. इथे फॉरवर्ड चुकून बरोबर ठरतो, पण ‘फॉन्ट टाका’ एवढ्याने भागत नाही. लेबलवरचं मर्ज फील्ड, म्हणजे नाव-पत्ता भरला जातो ती जागा, सिलेक्ट करून त्याला तोच जुना फॉन्ट द्यावा लागतो. आणि वेळ असेल तेव्हा यादी एकदाची युनिकोडमध्ये बदलून घ्या, दरवर्षीची कटकट मिटेल.

एक्सेल पिनकोडचं शून्य खातं, हे वाचून मी खरंच हसले. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे पिनकोड आहे आणि तो शून्याने सुरू होतच नाही. पंचवटी ४२२००३, सातपूर ४२२००७, नाशिकरोड ४२२१०१. कुठे आहे पुढे शून्य? हा सल्ला अमेरिकेचा. बोस्टनचा ०२१०८ एक्सेलमध्ये २१०८ होतो, तिथल्यांना तो त्रास आहे. जिथे टपालाची तिकिटं छापली जातात त्या आपल्या नाशकात हा सल्ला फिरावा, याला काय म्हणायचं! आपल्याकडे शून्य गळतं ते ०२५३ चं, म्हणजे लँडलाइनच्या नंबरातलं, आणि लेबलवर तो लागत नाही.

एक्सेलचा खरा खोडा वेगळाच असतो, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेख नाही. फ्लॅट नंबरचा रकाना. एक्सेलची यादी वाचताना वर्डच्या मदतीला जो ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, तो सुरुवातीच्या ८ ओळी बघून ठरवतो की रकाना आकड्यांचा आहे की अक्षरांचा. काकांनी मग एक्सेलमध्ये केलेल्या यादीत आधी १०१, १०२ असे नुसते आकडे होते आणि खाली दुसऱ्या विंगचे ‘बी-१०१’. ड्रायव्हरने ठरवलं, आकडे. बी विंगच्या एकूण एक लेबलवर फ्लॅट नंबरच्या जागी शून्य. पूर्ण रकाना ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मधून ‘टेक्स्ट’ केला तेव्हा विंग परत आली. नुसतं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करून चालत नाही, आधी भरलेले आकडे आकडेच राहतात. एवढं सांभाळलं की एक्सेलची यादी हाच मला सगळ्यात भरवशाचा रस्ता वाटतो. आउटलुकच्या दाराशी जायची गरजच उरत नाही.

आणि पहिलंच लेबल भरलं, पानावरची बाकीची २३ कोरी राहिली, तर ‘अपडेट लेबल्स’ दाबायचं राहिलंय. यासाठीही एकाने ऑफिस उडवलं होतं.

राहिली एसक्यूएलची खिडकी. वर्ड विचारतं की ही फाइल उघडताना अमुक यादीतून माहिती ओढू का. फाइल तुमची, यादी तुमची, तर ‘येस’. अनोळखी मेलमधून आलेली फाइल असेल तर ‘नो’च बरं, तेवढ्यापुरता फॉरवर्ड शहाणा आहे. पण स्वतःच्या फाइलला ‘नो’ दाबलं की लेबलं यादीपासून तुटतात आणि माणूस पुन्हा ‘पत्ते गेले’ म्हणत पहिल्या मुद्द्यावर येतो. यादी हलवली तरी हेच, कारण वर्ड तिचा जुना ठावठिकाणा लक्षात ठेवतं. काकांनी दुरुस्त केलेली यादी पेनड्राइव्हवर घेतली, लेबलं तिलाच जोडली आणि पेनड्राइव्ह काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: ‘‘ताई, परत गेले सगळे!’’ पेनड्राइव्ह कापडी पिशवीच्या आतल्या कप्प्यात सापडला. लेबलं दुपारी चारला निघाली आणि जीपीओ बंद व्हायच्या आत पाकिटं पोचली.