‘चूक कामगाराची, म्हणून भरपाई नाही’: फिरत्या मेसेजला उत्तर

कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. कामावर अपघात झाला आणि चूक कामगाराची असेल तर दमडी मिळत नाही. ठेकेदाराच्या माणसाने कंपनीकडे बघूच नये. येता-जाता झालेला अपघात धरत नाहीत. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) असेल तर वेगळा दावा नाही. आणि पैसे घेऊन सही केली की विषय संपला. तेव्हा मालक देईल ते घ्या, असा शेवटी सल्ला. यातली एक गोष्ट बरोबर आहे. बाकीच्या चुका मात्र सगळ्या मालकाच्याच सोयीच्या कशा, हे कोणी विचारत नाही.

दोष कोणाचा, हा प्रश्न 1923चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा विचारतच नाही. इजा कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली का, एवढंच बघायचं. घाई झाली, लक्ष नव्हतं, हात चुकला, यानं हक्क जात नाही. इजेमुळे तीन दिवसांपेक्षा जास्त काम बुडालं पाहिजे, ही एक अट. अपवाद मोजके: दारू किंवा नशा, स्पष्ट हुकूम वा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, मशीनचा गार्ड, म्हणजे हात वाचवणारं संरक्षक कवच, मुद्दाम काढणं. त्यातही मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर यातलं कुठलंच कारण मालकाला पुढे करता येत नाही.

खरी मेख ‘मुद्दाम’ या अटीत आहे. पॉवर प्रेसवरचा गार्ड बहुतेक वेळा नग जास्त निघावेत म्हणून सुपरवायझरच्या सांगण्यावरूनच उतरवलेला असतो. अंगठा गेला की संध्याकाळपर्यंत ‘गार्ड कामगाराने काढला’ असा कागद तयार! तो गार्ड पाळीच्या सुरुवातीला मशीनवर होता का, हे शेजारच्या मशीनवाल्याला चांगलं माहीत असतं. साक्षीदार म्हणून त्याचं नाव लगेच लिहून ठेवावं.

आता सहीचं. तीस वर्षांचा कामगार, महिन्याचा पगार 15,000. कायमच्या पूर्ण अपंगत्वाचा हिशोब पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक 207.98, म्हणजे 18,71,820 रुपये. अंगठा गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या ताकदीचं नुकसान 30 टक्के धरलंय, म्हणजे 5,61,546. दवाखान्याचा खर्च वेगळा. हातात पन्नास हजार ठेवून ‘आता काही मागणं नाही’ असं लिहून घेतलेल्या कागदाला इथे किंमत नाही, कारण हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच ठरतो. तडजोड करायची तर ती आयुक्तांकडे, म्हणजे भरपाईचे दावे निकाली काढणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. न नोंदवलेल्या तडजोडीत दिलेल्या पैशांपैकी अर्ध्याहून जास्त रक्कम, आयुक्तांनी तसं सांगितल्याशिवाय, मालकाला वळतीही करता येत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

टक्केवारीचा आकडाही शेवटचा नसतो. 1975 साली सर्वोच्च न्यायालयाने एका सुताराच्या प्रकरणात निकाल दिला होता. डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली, हेच न्यायालयाने कायम केलं.

ठेकेदाराचा मुद्दा दोन ओळींचा. काम कंपनीच्या धंद्याचा भाग असेल तर दावा थेट कंपनीवर लावता येतो. कंपनीने ते पैसे ठेकेदाराकडून वसूल करावेत. कामगाराने त्यांच्या भांडणात पडू नये.

येण्याजाण्याबद्दल मेसेज जुन्या समजावर चालतो. साखर कारखान्याचा एक रखवालदार 2003 साली पहाटेच्या पाळीला निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. अर्थात वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवावा लागतो; सुट्टीच्या दिवशी फिरायला निघालेला माणूस यात बसत नाही.

ईएसआयचं मात्र बरोबर. ते लागू असेल तर दावा तिथेच. तात्पुरत्या अपंगत्वात साधारण 90 टक्के पगार मिळतो, त्यामुळे त्यात तोटा मानायचं कारण नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. त्याआधीच्या अपघातांना जुना कायदा लागू. संहितेतही गाभा तोच आहे, आणि घर ते कामाची जागा हा प्रवास तिथे स्पष्ट लिहिलाय.

जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे आणि परगावचा कामगार आपल्या राहत्या भागातल्या आयुक्तांकडेही अर्ज करू शकतो. पण दावा लटकतो तो बहुतेक दवाखान्याच्या केस पेपरवर. सोबत आलेला मुकादम पोलीस केस टाळायला ‘घरी पाय घसरला’ असं सांगतो आणि डॉक्टर तेच लिहितात. शुद्धीवर असाल तर स्वतः सांगा: कुठल्या मशीनवर, किती वाजता, कसं लागलं. आणि त्या पानाचा फोटो डिस्चार्जच्या आधीच काढून ठेवा.