आपल्या नात्याचे ना गोत्याचे, तरीही…

"नट गेला तर एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आपल्या नात्याचा ना गोत्याचा!" हे ऐकलं की मला खरंच राग येतो.

२०२५ चे गणपती आठवा. २७ ऑगस्टला बाप्पा बसले आणि दुसऱ्याच दिवशी ज्येष्ठ नट बाळ कर्वे गेले. ३१ तारखेला घरोघरी गौरी यायच्या होत्या, त्याच दिवशी मालिकांमधली अभिनेत्री प्रिया मराठे गेली. ते ९५ वर्षांचे, ही अवघी ३८ ची.

बाळ कर्वे म्हणजे आमच्या पिढीचा गुंड्याभाऊ, दूरदर्शनवरच्या 'चिमणराव गुंड्याभाऊ' या विनोदी मालिकेतला. चाळीत टीव्ही एकाच घरी. आम्ही पोरं जमिनीवर फतकल मारून बसलेलो, मोठी माणसं दारापर्यंत दाटीवाटीने उभी. 'चिमणराव' लागलं की सगळी खोली हसायची. माझे आजोबा तर खोकला येईपर्यंत हसायचे. त्या खोलीतली बहुतेक माणसं आता नाहीत. "पंच्याण्णव म्हणजे सोनं झालं हो" हे मलाही पटतं. पण गुंड्याभाऊ गेला म्हटल्यावर ती सगळी माणसं नव्याने गेल्यासारखी वाटली.

प्रियाचं दुःख वेगळं. माझी आई पुरणाला डाळ निवडत होती. बातमी ऐकून हात तसाच ताटात राहिला. "आपली वर्षा?" एवढंच म्हणाली. 'पवित्र रिश्ता'मधली वर्षा. पुढे 'तुझेच मी गीत गात आहे'मध्ये ती मोनिका झाली, तेव्हा आईने तिला रोज यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. प्रकृतीमुळे तिने ती मालिका सोडली. कर्करोगाशी झुंजत असल्याचं आम्हाला कुठे माहीत होतं! आई डोळे पुसत राहिली.

सिनेमातला हिरो तिकीट काढून बघायचा. ही माणसं मात्र रोज रात्री आपण जेवायला बसलो की घरात येतात, तीही वर्षानुवर्षं. त्यांच्यासाठी रडणं हा दिखावा कसा असेल?

दिखावा असेल तर तो दुसरीकडे आहे. एखाद्या जुन्या अभिनेत्रीचा फोटो आला की खाली "किती म्हातारी दिसते", "किती सुटलीय", "आजारी आहे का" लिहायचं, आणि ती गेली की "भावपूर्ण श्रद्धांजली" चिकटवून मोकळं व्हायचं. हे लिहिणारे आपल्यातलेच असतात, आणि याची मला मनापासून चीड येते.

गुंड्याभाऊ गेल्यानंतर दोनच आठवड्यांनी 'दशावतार' हा सिनेमा लागला. आमचा चिमणराव, दिलीप प्रभावळकर, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यात मुख्य भूमिकेत. आईला घेऊन गेले होते. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती त्या भूमिकेत बोलते. अजून पाहिला नसेल तर जरूर पाहा.