म्युझियम म्हणजे मसणवाट नव्हे

"जा कोण इकत घेणा नाय, ता म्युझियमात ठेवन जिता रवतला काय?" गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मामेभावाने हे लिहिलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. विषय होता सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा. लाकडी फळांच्या परडीच्या किमतीत प्लॅस्टिकच्या चार येतात, मग कारागिरांनी दुसरा धंदा बघावा, असं दादाचं म्हणणं. त्यावर बाकीच्यांचे अंगठे.

मी अकरा वर्षं जपानमधल्या कानाझावात राहतो. त्याच रविवारी, बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून झाडांना बांधतात ते युकित्सुरीचे दोर चढलेले बघून झाल्यावर, केनरोकुएन बागेला लागूनच असलेल्या इशिकावा प्रांताच्या पारंपरिक कलांच्या संग्रहालयात गेलो. या एका प्रांतातल्या ३६ कला तिथे मांडल्या आहेत. कुतानीची चिनी माती, कागा युझेनचं कापडावरचं रंगकाम, सोन्याचा वर्ख. मी मात्र दर वेळी याच प्रांतातल्या वाजिमा गावच्या लाखेच्या वाडग्यांपाशी थांबतो.

तिथे नुसता तयार वाडगा ठेवलेला नाही. आधी कोरा लाकडी वाडगा, कडेला इतका पातळ की बोट लावायची भीती वाटावी. मग त्या कडेला आणि बुडाला चिकटवलेली कापडाची पट्टी, कारण वाडगा फुटतो तो तिथेच. मग वाजिमाचीच माती भाजून, कुटून, उरुशीत, म्हणजे इथल्या लाखेत, कालवून दिलेले थर. प्रत्येक थर घासायचा, पुन्हा चढवायचा, ओलसर कपाटात ठेवायचा, कारण उरुशीला घट्ट व्हायला हवेतला दमटपणा लागतो. शंभराहून जास्त पायऱ्या. शेवटच्या काळ्या वाडग्यापाशी पोचेपर्यंत त्याची किंमत महाग वाटायची थांबते. दादा, म्युझियम हे काम करतं. गिऱ्हाईक तिथे घडतं.

आणि उरुशी आपल्याला परकी नाही. आपली लाख किड्यापासून येते, ही झाडाच्या चिकापासून, पण ते झाड आपल्या काजू-बिब्ब्याच्याच कुळातलं. ओल्या काजूच्या चिकाने लहानपणी आपली बोटं सोलून निघायची, तसंच नव्या शिकाऊ कारागिराच्या हातावर इथेही पुरळ उठतं. काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेला रंग इथे उरुशीऐवजी स्वस्त पर्याय म्हणून वापरतात, त्याला 'काश्यू' म्हणतात. डब्यावर ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुकानातच मला घरच्या काजूच्या बागेचा वास आल्यासारखं झालं.

राजाश्रय म्हणाल, तर तोही दोन्हीकडे होता. इथे कागा या जुन्या संस्थानाच्या माएदा घराण्याने कारागिरांचे कारखाने चालवले, आपल्याकडे भोसल्यांच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवल्या गेल्या, आजही रंगवल्या जातात. फरक पुढचा आहे. जपानने १९५० साली सांस्कृतिक वारसा जपण्याचा कायदा केला आणि पुढे श्रेष्ठ कारागिरांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' मानून वर्षाला २० लाख येन द्यायला सुरुवात केली. कानाझावा शहराने १९८९ मध्ये उतात्सुयामावर कार्यशाळा काढली, तिथे शिकणाऱ्या पोरांना शहर दरमहा पैसे देतं. २०२० मध्ये तर राष्ट्रीय कलाकुसर संग्रहालयच तोक्योहून उचलून इथे आणलं. राजधानीतली संस्था गावाकडे जाते, हे आपल्याकडे कोणी बोलून तरी बघावं.

हे ग्रुपवर लिहिल्यावर दादाने लगेच विचारलं, मग तिथे सगळं आलबेल आहे का? नाही. वाजिमातही पोरं कमी पडतात, म्हातारे वाढलेत, लग्नात लाखेचे संच देणं मागे पडलं. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत वाजिमाच्या सकाळच्या बाजाराची आळी जळून गेली, कितीतरी कारागिरांची घरं आणि कार्यशाळा गेल्या. त्या संध्याकाळी आमचंही घर हललं होतं, पण आमचं फक्त हललं. महिन्याभराने मी वाजिमाचे दोन वाडगे विकत घेतले. किंमत विचारली नाही. पावतीही घरी येऊन बघितली.

इथेच मी अडकलो, आणि हे ग्रुपवर लिहायचं धाडस झालं नाही. सावंतवाडीत ही खेळणी जिथे मिळतात त्या चितार आळीत आईसोबत शेवटचा गेलो तेव्हा फळांच्या परडीसाठी मी पन्नास रुपयांवरून घासाघीस केली होती. केळ्याचा रंग नीट बसला नाही असं म्हणालो होतो. दुकानदाराने काही न बोलता पन्नास कमी केले. लाकूड लेथवर फिरत असताना लाखेची कांडी टेकवायची आणि घर्षणाने वितळून ती लाकडावर चढवायची, हे मला तेव्हा माहीत होतं. शाळेत असताना मी ते तासन् तास उभं राहून बघितलंय. तरीही. वाजिमाच्या माणसाला द्यायला जे पैसे होते, ते माझ्या गावच्या माणसासाठी नव्हते.

दादाचा शेवटचा मेसेज होता, "तुझ्या चेडवाक चितार आळी खंय ती तरी म्हायत आसा?" माझ्या मुलीला इथल्या शाळेने दोनदा संग्रहालयात नेलंय. सोन्याचा वर्ख लावलेल्या चॉपस्टिक्स तिने स्वतः केल्यात, त्यानेच ती रोज जेवते. गावी आम्ही ऑगस्टमध्ये बारा दिवस येतो, त्यातले सात सासुरवाडीला पुण्यात जातात आणि शाळेसाठी गणपतीच्या आधीच परतावं लागतं. गेल्या दोन्ही खेपेला चितार आळीत नेतो म्हणालो होतो. एकदा पाऊस होता, एकदा राहूनच गेलं. दादाला अजून उत्तर दिलेलं नाही.